कोण कोणाला म्हणतंय

"या कोण?" असं मी वॉचमनला विचारलं. खरं तर कोण ते मला चांगलं दिसत होतं. त्याच्या केबिनच्या काचेवर, बाहेरच्या बाजूनं, रुंद खाकी चिकटपट्टी लावून एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर इंदूताई कसबे होत्या. गेटपाससाठी काढलेला फोटो मोठा करून छापला होता, त्यामुळे चेहरा पसरट आणि काळवंडलेला दिसत होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'या बाईस आत सोडू नये.'

सोसायटीचे सेक्रेटरी मोकाशीसाहेबांनी लावलाय, चोरीची भानगड आहे, असं वॉचमननं सांगितलं. कसली चोरी, पोलीस आले होते का, असं मी विचारत गेले आणि तो खांदे उडवत गेला. पोलीस नव्हते आले. शनिवारी सकाळी इंदूताई कामावर आल्या तेव्हा मोकाशीसाहेबांनी त्यांना गेटवरच अडवलं होतं. आमच्या मॅडमच्या मोत्याच्या कुड्या कुठे ठेवल्यास ते बोल, असं विचारलं होतं, तेही इतक्या मोठ्यानं की वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलऱ्यांमध्ये आले. मग पिशवी उलटी करायला लावली. पिशवीतून डबा, चष्मा आणि छत्री निघाली. कुड्या निघाल्या नाहीत, तरी दुपारपर्यंत हा कागद लागला होता.

ही गोष्ट बाणेरची, सोळा-सतरा वर्षांपूर्वीची. चाकणच्या एका जपानी कंपनीतले साहेब त्या सोसायटीत राहायचे आणि त्यांच्यापैकी कुरिहारासाहेबांच्या बायकोला इंग्रजी शिकवायला कंपनी मला आठवड्यातून दोनदा पाठवायची. मला जपानी येतं, म्हणून मी. इंदूताई चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही फ्लॅटमध्ये काम करायच्या, कुरिहारांकडे आणि समोर मोकाश्यांकडे. मी शिकवायला बसले की न सांगता आल्याचा चहा करून द्यायच्या आणि स्वतःचा कप घेऊन ओट्याला टेकून आमचं जपानी ऐकत उभ्या राहायच्या.

माझा पारा चढायला फारसं काही लागत नाही. रिक्षावाल्यानं मीटर बंद आहे म्हटलं तरी पुरतं. पण त्या दिवशी लिफ्टचं बटण मी तीनदा दाबलं.

तोमोए-सान, म्हणजे कुरिहाराबाई, नेहमीसारखी जेवणाच्या टेबलाशी डिक्शनरी उघडून बसली होती. ती डिक्शनरी तिच्या कॉलेजपासूनची होती, इंग्रजी-जपानी, विटेएवढी जाड. तिचा इंग्रजी शिकायचा सगळा भर त्यातल्या उदाहरणाच्या वाक्यांवर. रोज काही वाक्यं ती पाठ करायची आणि जे कळणार नाही तिथे रंगीत कागदाची पट्टी घालून ठेवायची. मी आले की पट्ट्या एकेक करून बाहेर निघायच्या. शब्द तिला सगळे माहीत असायचे. तिचं अडायचं भलतीकडेच. कर्नलनं आपल्या घोड्याला कधीच क्षमा केली नाही, असं एक वाक्य होतं. घोड्यानं काय केलं होतं? पाऊस नव्हता तरी त्यानं तिला छत्री दिली, असं एक होतं. तो तिचा नवरा होता की वरिष्ठ?

"कोण कोणाला म्हणतंय?" हा तिचा ठरलेला प्रश्न. तिच्या भाषेत समोरचा मोठा की धाकटा, आपला की परका, हे कळल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. इंग्रजीचं तसं नाही, हे मी तिला सांगून सांगून थकले होते. कोणीही कोणालाही म्हणत नाहीये हो, डिक्शनरीतली वाक्यं आहेत ती, वाऱ्यावर सोडलेली. ती मान डोलवायची आणि पुढची पट्टी काढायची. मागच्याच खेपेला अशा एका वाक्यावर आम्ही अर्धा तास घालवला होता. 'यू आर टॉकिंग टू द राँग पर्सन.' तुम्ही भलत्याच माणसाशी बोलताय. हे बोलणारा चिडलाय की नम्र आहे? आणि भलता आहे म्हणतो, मग खरा माणूस कुठे आहे? मी वैतागून म्हटलं होतं, खरा माणूस वाक्याच्या बाहेर उभा असेल, पुढे चला.

आज मी पट्ट्यांना हात लावू दिला नाही. खाली फोटो पाहिलात का, असंच विचारलं.

तिनं पाहिला होता, पण मराठी वाचता येत नव्हतं. नवीन पास करायचाय, म्हणून लावला असेल असं तिला वाटलं होतं. इंदू-सान शनिवारपासून आली नाही याची तिला काळजी लागली होती. "पण ते प्रकरण तर मिटलं ना?" ती म्हणाली. "मी त्याच दिवशी जाऊन माफी मागून आले."

"कोणाची?"

"समोरच्यांची."

शनिवारी गेटवरचा आरडाओरडा तिनं गॅलरीतून ऐकला होता. कळलं काहीच नव्हतं, पण आपल्या घरी काम करणारी बाई मध्ये उभी आहे आणि शेजारी संतापलेत, एवढं दिसलं होतं. तिनं डिक्शनरी काढून योग्य वाक्य शोधलं, ते घोकलं, ओसाकाहून आणलेला मिठाईचा ठेवणीतला डबा छान कागदात बांधला आणि समोरच्या दारी जाऊन, डबा दोन्ही हातांनी पुढे करून, कमरेत वाकून ते म्हटलं. ते वाक्य तिनं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझ्या मोलकरणीनं तुम्हाला जो त्रास दिला त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. इंग्रजीत, एकही चूक न करता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही त्यांना सांगून आलात की इंदूताईंनी चोरी केली," मी म्हटलं.

तिला ते कळेना. मग मला तिच्याच भाषेत समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मला माझ्या रागाची पंचाईत झाली, कारण तिचं काय झालं होतं ते मला नीट ठाऊक होतं. जपानमध्ये मी दोन वर्षं काढली आहेत. तिकडे तुमच्या घरी रात्री अँब्युलन्स आली, तर सकाळी मिठाईचा डबा घेऊन शेजाऱ्यांची माफी मागायला जायचं असतं. आजारी पडणं हा काही गुन्हा नव्हे. तुमच्या निमित्तानं आवाज झाला, लोकांची झोपमोड झाली, एवढं पुरतं. चूक कोणाची हा प्रश्नच तिथे येत नाही. आधी माफी, बाकीचं नंतर आणि बहुतेक वेळा नंतर काही उरतच नाही. आपल्याकडे माफी एकच असते, गुन्हेगाराची. मोकाश्यांनी डबा ठेवून घेतला, गोड हसून थँक्यू म्हटलं आणि तासाभरात खाली कागद लावला. मालकिणीनंच कबूल केलं म्हटल्यावर आणखी पुरावा तो काय लागतो?

तोमोए-सान डिक्शनरीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. तिनं विचारलं, ते वाक्य डिक्शनरीत कोण कोणाला म्हणतंय ते तिथे लिहायला नको होतं का?

मी डिक्शनरी मिटून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाषाणच्या वस्तीत इंदूताईंच्या घरी गेलो. त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत, पण सूप बाजूला सारून जागा केली. मोकाश्यांचं आणि कुरिहारांचं काम तर गेलंच होतं, शेजारच्या सोसायटीतली दोन कामंही गेली होती. तिथल्या बायकांनी जाता-येता फोटो पाहिला होता. एकीनं तर फोनवर सांगितलं, आमचं काही म्हणणं नाही गं, पण उगीच कशाला.

तोमोए-सान चपला काढून, जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं कपाळ जमिनीला लागेल इतकं वाकायला सुरुवात केली.

"त्यांना सरळ बसायला सांगा," इंदूताई मला म्हणाल्या. "हे वाकणं पुरं झालं. वाकूनच तर समदा घोळ झालाय."

मी सांगितलं. तोमोए-सान सरळ बसली.

"आन त्यांना इचारा, माझ्या वतीनं माफी मागायला मी सांगितलं व्हतं का? मला एकदा तरी इचारलं का, की इंदू, तू घेतलंस का? मी न्हाई म्हणाले असते. बास. मोकाशीबाईनं इचारलं न्हाई, ती तसलीच. ह्यांच्या घरात मी चार वर्सं काढली, आजारपणात ह्यांचं डोकं दाबलं, ह्यांनीबी इचारलं न्हाई."

दुभाषी माणसाला एक सवय लागते. बोलण्याची धार थोडी बोथट करून पलीकडे द्यायची, म्हणजे दोन्ही बाजू खूश राहतात. कंपनीत मी ते रोज करायचे. त्या दिवशी नाही केलं. इंदूताईंचं वाक्य न् वाक्य मी होतं तसं जपानीत टाकलं, डोकं दाबल्याचंसुद्धा. तोमोए-सानच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं वाकायचं टाळलं. काय करू, एवढंच तिनं विचारलं.

"तो फोटो काढा," इंदूताई म्हणाल्या. "काम मिळंल न्हाई मिळंल, ते मी बघीन. पण ज्या दारातनं मी रोज ताठ मानेनं आत जात व्हते, त्या दारावर मला चोर म्हणून लावलंय. माझी सून तिथनंच बस पकडती."

परत आम्ही रिक्षानं आलो. मी घरी पोचेपर्यंत मोकाश्यांना मनातल्या मनात काय काय सुनावलं, ते लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा ती दारातच उभी होती. आदल्या संध्याकाळी लिफ्टमध्ये मोकाशीबाई भेटल्या, लग्नाला निघाल्या होत्या, असं तिनं सांगितलं. भरजरी साडी होती आणि कानांत मोत्याच्या कुड्या होत्या. तोमोए-साननं त्या नीट ओळखल्या, कारण पूर्वी एकदा तिनं त्यांचं कौतुक केलं होतं आणि मोकाशीबाईंनी कान पुढे करून दाखवलं होतं.

"त्या सापडल्या आहेत," तोमोए-सान म्हणाली. "मग खाली फोटो का आहे?"

मी तशीच समोरच्या दाराची बेल वाजवली. मोकाशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय गोड. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. हो, कुड्या सापडल्या, लपवण्यासारखं काय त्यात. दुसऱ्या पर्समध्ये होत्या, हिच्या लक्षातच नाही राहिलं, वयानुसार होतं असं. मग कागद? तो विषय कमिटीपुढे घ्यावा लागेल. एकदा निर्णय झाला की असा लगेच बदलता येत नाही, लोक उद्या काहीही म्हणतील. "आणि असं बघा मॅडम, कुड्या नसतील घेतल्या. पण काहीतरी असल्याशिवाय तुमच्या बाईसाहेब माफी मागायला आल्या नसत्या. एवढ्या लांबची मिठाई घेऊन." आतून मोकाशीबाईंनी पुस्ती जोडली, मिठाई मात्र फार सुरेख होती हो, भातुकलीतल्यासारखी.

त्या क्षणी माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता आणि तो मी खाली ठेवला याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ज्या बाईचा काडीचा दोष नव्हता ती कमरेत वाकली होती, आणि ज्यांचा सगळा दोष होता ते तिची मिठाई खाऊन तिच्याच वाकण्याच्या आड उभे होते. मी काहीतरी बोलले, आवाज चढवून बोलले, आणि मोकाशी शांतपणे म्हणाले की तुमचा या सोसायटीशी संबंध काय.

तो संबंध त्यांनी लगेच तपासूनही घेतला. संध्याकाळी कंपनीतल्या केळशीकरांचा मला फोन आला. आपले पाच साहेब त्या सोसायटीत राहतात, सेक्रेटरींची नाराजी आपल्याला परवडणार नाही, कुरिहारासाहेबांशीही बोलणं झालंय आणि त्यांनाही हा विषय नकोय. तुम्ही भाषेपुरतं बघा, असं त्यांनी मला बजावलं. मी म्हटलं, भाषेपुरतंच बघतेय. महिनाअखेर माझे क्लास बंद झाले, पण त्याचं मला फारसं वाटलं नाही.

तोमोए-सानचा नवरा मूग गिळून बसणार हे तिनं गृहीतच धरलं होतं. त्या आठवड्यात ती डिक्शनरीशी भांडत होती. रविवारी सकाळी कमिटीचे लोक गेटच्या आत, केबिनच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून तक्रारी ऐकायला बसत. तिथे जाऊन तिला बोलायचं होतं आणि त्यासाठी रागाचं वाक्य हवं होतं. राग या शब्दाखाली जेवढी वाक्यं होती ती सगळी तिनं माझ्यापुढे ठेवली. रागाच्या भरात त्यानं फुलदाणी फोडली. तिचा राग लवकरच मावळला. राग आवरणं शहाणपणाचं असतं.

"यातले सगळे रागावून मोकळे झालेले आहेत," ती म्हणाली. "रागावतंय कोणीच नाही."

मी म्हटलं, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा, मी बोलते. माझ्याकडे राग भरपूर आहे आणि मराठीत आहे, मोकाश्यांना समजेल. ती नाही म्हणाली.

"ते वाक्य माझ्या तोंडून गेलंय, सेन्सेई," ती म्हणाली; शिक्षिकेला तिकडे सेन्सेई म्हणतात. "ते परत घ्यायलाही माझंच तोंड पाहिजे. तुम्ही बोललात तर ते म्हणतील, जपानी बाईचं म्हणणं वेगळं होतं."

मग मी तिला वाक्यं रचून दिली. कुड्या तुमच्याच घरात होत्या. मी माफी मागितली ती आवाजाबद्दल, चोरीबद्दल नव्हे. फोटो काढा. सोपी आणि आखूड वाक्यं. ती पाठ करत होती, पण दर वाक्याशेवटी तिची मान आपोआप खाली जायची. मान वर, असं मी ओरडायचे. मान वर ठेवून बोलणं तिला इंग्रजीपेक्षा अवघड जात होतं. एकदा ती चिडून म्हणाली की लहानपणापासून जे करायला शिकले ते तुम्ही एका आठवड्यात काढायला सांगताय. तेव्हाचा तिचा आवाज अगदी हवा तसा लागला होता आणि मी तिला तेच सांगितलं. ती हसली नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला इंदूताई गेटबाहेर येऊन उभ्या राहिल्या. मीच निरोप दिला होता. इस्त्रीची साडी नेसल्या होत्या, हातात पिशवी नव्हती. आत मोकाशी, आणखी तीन-चार पुरुष आणि पाण्याच्या टाकीबद्दल भांडणारे एक गृहस्थ होते. वॉचमननं इंदूताईंना अडवण्यासाठी हात आडवा केला, तोही ओशाळून, कारण इतकी वर्षं त्यांच्याच हातचा चहा तो प्यायला होता. तोमोए-सान लिफ्टमधून उतरली, खुर्च्यांकडे न बघता सरळ गेटबाहेर गेली आणि इंदूताईंच्या शेजारी उभी राहिली. तिच्या मागोमाग मीही.

मोकाशी लगबगीनं उठून आले. मॅडम, प्लीज, आत या, खुर्चीवर बसा. मॅडम आत जाईनात. मग गेटच्या आतून ते आणि बाहेरून आम्ही, अशी ती बोलणी झाली. वर गॅलऱ्यांमध्ये माणसं जमायला लागली होती. रविवार होता, सगळे घरीच होते.

तोमोए-साननं पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. कुड्या तुमच्याच घरात होत्या. आवाज बारीक होता, पण मान वर होती.

मोकाश्यांनी दोन्ही हात जोडले. चेहऱ्यावर तेच गोड हसू. इंग्रजी त्यांचं चांगलं होतं. मॅडम, तुमची जी गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत, सगळ्या कमिटीतर्फे मी आपली क्षमा मागतो. दुसरी उत्तम बाई आम्ही उद्याच पाठवतो, तिची पूर्ण चौकशी करून. आणि पुन्हा एकदा, सॉरी.

मी तोमोए-सानकडे पाहिलं. या उत्तराची तयारी आम्ही केलीच नव्हती. तिच्यासाठी माफी ही मोठी गोष्ट होती, आणि ती तर मिळाली होती, हात जोडून, चारचौघांसमोर. सवयीनं तिची मान खाली जायला लागली, माफीला उत्तर म्हणून. मला वाटलं, संपलं सगळं, गोड बोलून गुंडाळलं यांनी हिला. मी तोंड उघडणार, इतक्यात तिची मान अर्ध्यातच थांबली आणि पुन्हा वर आली.

"यू आर टॉकिंग टू द राँग पर्सन," ती म्हणाली.

मोकाशी गोंधळले. त्यांना वाटलं, हिला वरच्या कोणाशी तरी बोलायचंय. चेअरमनसाहेब नाशिकला गेलेत, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "जरा समजावून सांगा त्यांना. इंग्रजी कच्चं दिसतंय."

"त्यांचं इंग्रजी बरोबर आहे," मी म्हटलं.

तोमोए-साननं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, आणि म्हणता म्हणता ती एक पाऊल बाजूला सरकली. आता मोकाश्यांच्या समोर फक्त इंदूताई होत्या. वाक्याच्या बाहेर उभं असलेलं खरं माणूस तिनं आणून उभं केलं होतं.

टाकीवाले गृहस्थसुद्धा खुर्ची वळवून बघत होते. मोकाशींचं हसू जाग्यावर होतं, पण आता ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी इंदूताईंच्या खांद्यावरून पलीकडे रस्त्याकडे बघत ते पुटपुटले, "बाई, झालं गेलं विसरून जा."

"काय झालं आन काय गेलं, ते सांगा की आधी," इंदूताई म्हणाल्या.

"आता किती ताणायचं..."

"त्या दिशी हितंच उभं ऱ्हाऊन बोलला व्हता. त्या वरच्या ताईंना बी ऐकू गेलं व्हतं." त्यांनी हात वर करून सहाव्या मजल्यावरची गॅलरी दाखवली. "तेवढ्याच मोठ्यानं बोला. मग मी इसरते."

मोकाशींनी वर पाहिलं. सगळ्या मजल्यांवर माणसं होती. चौथ्या मजल्यावर त्यांची बायको होती, ती तेवढ्यात आत गेली. त्यांनी कमिटीतल्या लोकांकडे पाहिलं, ते चपलांकडे बघत होते. मला त्या माणसाची दया यायला हवी होती, असं नंतर कोणीतरी मला म्हणालं. मला नाही आली. अजूनही येत नाही.

"कुड्या घरातच सापडल्या," ते म्हणाले. इंदूताई तशाच उभ्या राहिल्या. मग मोकाशींनी घसा खाकरला आणि आवाज चढवला. "इंदूबाईंनी चोरी केलेली नव्हती. आमची चूक झाली."

सहाव्या मजल्यापर्यंत गेलं की नाही ते मी सांगू शकत नाही. रस्त्यापलीकडचा इस्त्रीवाला मात्र हातातलं काम थांबवून बघत होता.

वॉचमन सुटल्यासारखा पुढे झाला आणि काचेवरच्या कागदाला त्यानं हात घातला. इंदूताईंनी त्याला अडवलं.

"तू नको रं," त्या म्हणाल्या. "ज्यानं लावला त्यानं काढायचा."

चिकटपट्टी जुनी झाली होती, उन्हानं काचेला पक्की बसली होती. मोकाशींनी कोपरा धरून ओढला तर कागद निम्म्यात फाटला, इंदूताईंचं कपाळ त्यांच्या हातात आणि बाकीचा चेहरा काचेवर. मग ते नखांनी खरवडायला लागले. पट्टीचे बारीक तुकडे निघत होते, त्यांच्याच बोटांना चिकटत होते, आणि हात झटकला की पुन्हा दुसऱ्या बोटाला चिकटत होते. काचेवर चिकट, मळकट चौकोन उरत होता. त्यांना अशा कामाची सवय नव्हती, हे लांबूनही कळत होतं.

इंदूताई अगदी जवळ उभ्या होत्या. पदराचं टोक ओलं करून दोन मिनिटांत त्यांनी ती काच लख्ख केली असती. त्यांचा हात सवयीनं पुढे आलाही. त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला. शेजारी तोमोए-सान ताठ मानेनं उभी होती. मोकाशी खरवडत राहिले आणि आम्ही तिघी बघत राहिलो, काच पुरती स्वच्छ होईपर्यंत.